बोल्ट-ॲक्शन रायफलला नवा ट्रिगर: निवड, बसवणं आणि नंतरच्या चाचण्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ या पट्ट्यात बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक बारानंतर हातानं बोल्ट मागं-पुढं करून भरायची रायफल, दोन प्रकारच्या लोकांकडे दिसते. काही घरांत परवाना वाडवडिलांपासून चालत आलेला असतो आणि त्यावर बारा बोअरच्या जोडीला किंवा बदली .३१५ ची स्पोर्टिंग रायफल घेतलेली असते. दुसरे म्हणजे क्लबात .२२ घेऊन ५० मीटरवर नेम धरणारी पोरं-पोरी. कोल्हापूर बेळगावहून दोन-अडीच तासांवर. तिथल्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पालथं पडून नेम धरण्याचं) विश्वविजेतेपद मिळवलं, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्यपदक आणलं. त्यामुळे रायफल नेमबाजी म्हणजे काय हे आता आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दोन्हीकडून प्रश्न मात्र एकच येतो: ट्रिगर जड लागतो, बाहेरचा चांगला ट्रिगर बसवू का? माझं मत असं की नवा ट्रिगर हा शेवटचा उपाय आहे. निम्म्याहून जास्त तक्रारी साफसफाई, दस्त्याचे (लाकडी कुंद्याचे) स्क्रू आणि नेमबाजाचं बोट इथंच मिटतात. आणि बदलायचाच ठरवला, तर कुठल्या कंपनीचा घेतला यापेक्षा बसवल्यावर तो कसा तपासला याला जास्त किंमत आहे.

आधी कागद

आर्म्स ॲक्ट १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोजले जातात. कलम ५ प्रमाणे बंदूक बनवायला किंवा विकायलाच नव्हे, तर दुरुस्त करायला आणि तिच्यात फेरफार करायलाही परवाना लागतो. रायफलचा परवाना तुमच्याकडे आहे म्हणजे ती उघडून तिच्यात नवा भाग बसवायचा परवाना आहे असं नाही. बाहेरून माल आणायला कलम १० चा आयात परवाना वेगळा. परदेशी वेबसाइटवर कार्ड चालतं, पैसे कापले जातात आणि पार्सल कस्टममध्ये अडकतं; मग खुलासे देत बसा.

म्हणून रस्ता सरळ ठेवा. परवानाधारक विक्रेत्याकडून बिलावर ट्रिगर घ्या आणि परवानाधारक गनस्मिथकडून बसवून घ्या. रायफल दुकानात ठेवताना पोच घ्या, पोचीवर रायफलचा नंबर आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या. जुना ट्रिगर परत मागून घ्या आणि जपून ठेवा. क्लबची रायफल असेल तर ती क्लबच्या परवान्यावर असते. प्रशिक्षकाला न विचारता तिच्या स्क्रूला हात लावायचा नाही, अगदी पाव फेराही नाही.

आपल्या बेळगावात एक खास मोह आहे, तो म्हणजे उद्यमबागची औद्योगिक वसाहत. फौंड्री, लेथ, ग्राइंडर, मायक्रॉनमध्ये काम करणारे कारागीर सगळे हाताशी, त्यातला एखादा ओळखीचा. तो म्हणणारच, ‘आण की, जरा घासून देतो.’ त्याच्या हातात कसब आहे यात शंका नाही, पण परवाना नाही. दुसरं कारण धातूचं आहे. सीअर, म्हणजे ताणलेली फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सळई) अडवून धरणारा आतला भाग, आणि ट्रिगर जिथं एकमेकांवर टेकतात तो पृष्ठभाग बहुतेक जुन्या रायफलींत केस-हार्डन केलेला असतो. कठीण थर फक्त वरचा, मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचा. आत मऊ पोलाद. दगडानं घासून ट्रिगर त्या दिवशी लोण्यासारखा सुटतो. पुढं मऊ धातू झिजत जातो, कड गोल होते, आणि एके दिवशी बोल्ट पुढं ढकलल्याबरोबर बार होतो.

ट्रिगर खरंच जड आहे का, ते मोजा

‘जड लागतो’ हे मोजमाप नव्हे. ट्रिगर गेज असेल तर उत्तम, नसेल तर घरात जमणारी एक रीत आहे. रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानं चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. सेफ्टी काढून कॉक केलेली (बोल्ट चालवून फायरिंग पिन ताणलेली) रायफल नळी वर करून उभी धरा. ट्रिगरच्या वाकाच्या मध्यावर तारेचा आकडा अडकवा, त्याला प्लॅस्टिकचा डबा टांगा आणि त्यात हळूहळू पाणी ओता. खटका पडला की डबा, पाणी आणि तार एकत्र स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. आकडा लिहा. असं आठ-दहा वेळा करा.

.२२ वाल्यांनी हे करताना चेंबरमध्ये डमी काडतूस ठेवावं. रिमफायरची (काडतुसाच्या कडेवर ठोकून बार करणाऱ्या .२२ ची) फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटू शकते आणि तिथं खाच पडते. काही नव्या रायफलींना रिकाम्या बारानं काही होत नाही, पण ते कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच धरायचं.

आता सरासरीपेक्षा फरकाकडे बघा. प्रत्येक वेळी १८०० ग्रॅमच्या आसपास सुटणारा ट्रिगर चांगला आहे. त्याच्याशी बोट जुळवून घेतं. एकदा १२००, एकदा २१०० असं होत असेल तर दोष यंत्रात आहे. वजनासोबत आणखी तीन गोष्टी बोटाला जाणवतात. सुटण्याआधी ट्रिगर खरखरत, अडखळत सरकतो ती क्रीप. सुटल्यानंतरही मागं जात राहतो ती ओव्हरट्रॅव्हल. आणि सीअर-ट्रिगरचे पृष्ठभाग एकमेकांवर किती चढलेत ती पकड; ॲडजस्ट होणाऱ्या स्पोर्टिंग ट्रिगरमध्ये ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. पकड कमी केली की क्रीप जाते, पण सुरक्षिततेचा हिस्साही तिथूनच जातो. पुष्कळ लोक ‘जड’ म्हणतात तेव्हा त्यांना खरं तर क्रीप खुपत असते, आणि वजन कमी करून ती जात नाही.

मोजून झालं की गनस्मिथला फक्त साफसफाई सांगा. वर्षानुवर्षांचं तेल ट्रिगरच्या पेटीत चिकट होऊन बसलेलं असतं. आपल्याकडे बंदुकीला खोबरेल लावायची जुनी सवय आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि डिसेंबरात बेळगावची सकाळ त्याच्या कितीतरी खाली असते. गोठलेल्या तेलात सीअरची स्प्रिंग आळसावते, म्हणून थंडीत ट्रिगर वेगळा लागतो आणि दुपारी वेगळा. पेटी सॉल्व्हंटनं धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. इथंच लेख बंद करणारे बरेच निघतील.

.३१५ वाल्यांची गोष्ट वेगळी आहे

इशापूरच्या कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल ली-एनफिल्डच्या घराण्यातली. त्या घराण्याच्या जुन्या नंबर १ पद्धतीत ट्रिगर रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याला, टांगलेला नसतो, तो खालच्या ट्रिगर गार्डला पिननं अडकवलेला असतो. सीअर वर रिसीव्हरवर, ट्रिगर खाली गार्डवर आणि दोघांच्या मध्ये लाकूड. लाकूड फुगलं की दोघांतलं अंतर वाढतं, आक्रसलं की कमी होतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात महिनाभर भिंतीला टेकवून ठेवलेली रायफल आणि एप्रिलात पत्र्याखाली तापलेली तीच रायफल, दोन्हींचा ट्रिगर वेगळा लागणारच. ब्रिटिशांनी पुढं नंबर ४ च्या मार्क २ मध्ये ट्रिगर थेट रिसीव्हरला टांगला, त्याचं कारण हेच.

म्हणून .३१५ ला बाहेरचा ट्रिगर शोधत फिरण्याआधी लाकडाकडे बघा. ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू घट्ट आहे का? त्याच्या भोवती आत असणारी धातूची कॉलर जागेवर आहे का, की कुणीतरी हरवली? ती नसेल तर स्क्रू आवळला की लाकूड दबतं आणि ट्रिगर वर सरकतो. दस्त्याला आतल्या उघड्या लाकडावर जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले असतील तर ओल कमी शिरते. हे नीट केलं की या रायफलचा दोन टप्प्यांचा (आधी हलकी सरक, मग सुटकेचा जोर) ट्रिगर बराच शहाण्यासारखा वागतो. लष्करी ली-एनफिल्डचा दुसरा टप्पा ५ ते साडेसहा पौंडांचा, म्हणजे सव्वादोन ते तीन किलोंचा असे. त्यावर आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या कितीतरी पिढ्यांनी नेम शिकला. शेताच्या राखणीला येवढं वजन जड नाही, उलट योग्यच आहे. आणि रान-डुक्कर असो वा गवा, हातात परवान्याची रायफल आहे म्हणून गोळी घालायची मुभा मिळत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो, त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

रेमिंग्टन ७०० या अमेरिकन रायफलसाठीचं तयार ट्रिगर-युनिट या रायफलला बसत नाही. कुणी ‘थोडं कोरून बसवतो’ म्हणाला तर रायफल उचलून घरी या.

निवडताना

पहिला प्रश्न कंपनीचा नाही, कामाचा. ५० मीटर रायफलला आंतरराष्ट्रीय नियमांत ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही, म्हणून स्पर्धेतले ट्रिगर शे-दीडशे ग्रॅमवर चालतात. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र १५०० ग्रॅमची अट आहे. शिकाऊ मुलाला शंभर ग्रॅमचा ट्रिगर देणं मला पटत नाही. बोट टेकायच्या आधीच बार होतो, मग मूल दचकायला शिकतं आणि ती सवय मोडायला दोन हंगाम जातात. सुरुवातीला पाचशे ते आठशे ग्रॅम, दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा मोकळा, भिंत लागल्यासारखा थांबा, मग स्वच्छ सुटका. शेतात, अंधारात, ओल्या हातांनी वापरायच्या रायफलला दीड किलोच्या खाली मी कुणालाही जाऊ देणार नाही. सेट-ट्रिगर (आधी ताणून ठेवून मग अगदी हलक्या स्पर्शानं सुटणारा) तर तिथं नकोच.

दुसरा प्रश्न जुळणीचा, आणि इथंच पैसे वाया जातात. ट्रिगर रायफलच्या नुसत्या नावावर नव्हे, ॲक्शनवर, म्हणजे रिसीव्हर आणि बोल्टच्या यंत्रावर बसतो. मॉडेल, कॅलिबर, डाव्या की उजव्या हाताचा बोल्ट, उत्पादनाचं साल, सगळं विक्रेत्याला लिहून द्या. सेफ्टी कुठं आहे ते बघा. माऊझर ९८ पद्धतीत मूळ सेफ्टी बोल्टच्या मागच्या टोकावर असते आणि ती फायरिंग पिनलाच अडवते. ट्रिगर बदलला तरी ती शाबूत राहते, पण नव्या ट्रिगरशी तिचा मेळ बसला पाहिजे. रेमिंग्टन ७०० मध्ये सेफ्टी ट्रिगरच्या पेटीवरच असते, म्हणजे ट्रिगर बदलला की सेफ्टीही बदलली. बिनसेफ्टीचं युनिट स्वस्त मिळतं. रेंजवर बेंचला बांधलेल्या रायफलला ते चालत असेल, घरच्या रायफलला नाही.

नावं घ्यायची तर टिमनी ही १९४६ पासूनची अमेरिकन कंपनी, साधी आणि भक्कम सिंगल-स्टेज (एकाच टप्प्याची) युनिटं बनवते. कॅनडाच्या ट्रिगरटेकमध्ये सीअर आणि ट्रिगर यांच्यामध्ये एक मोकळा रोलर असतो. घासण्याऐवजी गडगडत सुटका होते, त्यामुळे पकड पुरेशी ठेवूनही क्रीप जाणवत नाही. ज्युएल कंपनीचा ट्रिगर हलक्या वजनाला उत्तम, पण आत बारीक भाग जास्त आणि धुळीचा त्याला राग. लाल मातीच्या, वाऱ्याच्या रेंजवर मी ज्युएलपेक्षा ट्रिगरटेक निवडेन.

काही रायफलींना काहीच बदलायचं नसतं. सॅव्हेजचा ॲक्युट्रिगर कारखान्यातूनच ॲडजस्ट होणारा येतो. त्याच्या मधलं पातं दाबलं गेलं नाही तर धक्क्यानं सीअर निसटला तरी मध्येच अडतो आणि बोल्ट पुन्हा कॉक करावा लागतो. सीझेड ४५७ ला वजन, सरक आणि ओव्हरट्रॅव्हल तिन्ही जुळवता येतात. अँशुट्झची ५०१८ दोन टप्प्यांची पेटी ज्याच्या रायफलवर आहे त्यानं नव्या ट्रिगरचे पैसे गोळ्यांवर घालावेत.

गनस्मिथच्या टेबलावर

काम तो करेल, पण तुम्ही शेजारी उभं राहून काय बघायचं ते माहीत हवं.

बोल्ट बाहेर, मॅगझिन बाहेर, नळीतून उजेड आरपार दिसला पाहिजे. हे दोघांनी आळीपाळीनं बघायचं. दुर्बीण असेल तर काढायची गरज नसते. मग दस्त्याचे ॲक्शन स्क्रू. पेचकसाचं पातं खाचेत अचूक बसणारं हवं, नाहीतर डोकं खराब होतं. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून पुढचा कुठला आणि मागचा कुठला ते वेगळं ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की बोल्टला अडतो.

ॲक्शन दस्त्यातून उचलली की जुन्या ट्रिगरचा मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. ॲक्शन मऊ जबड्याच्या शिकंज्यात किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून पितळी किंवा मापाच्या पंचानं पिना बाहेर काढतात. रेमिंग्टनसारख्या ॲक्शनमध्ये पेटी सुटली की बोल्ट-स्टॉप आणि त्याची बारीक स्प्रिंग निसटते. ती फरशीवर गेली तर दुपार गेली, म्हणून खाली पांढरं कापड अंथरलेलं असावं.

नवी पेटी हातानं सरकवून जागेवर आली पाहिजे. पिन हलक्या टिचक्यांनी जावी. जोर लावावा लागत असेल तर भोकं जुळलेली नाहीत किंवा युनिट चुकीचं आहे. पेटी बसल्यावर तिचा पुढचा स्क्रू किंवा ग्रब-स्क्रू असेल तर तो कंपनी सांगते तेवढाच आवळायचा. आता दस्त्याशिवायच बोल्ट घालून बघा: बोल्ट पूर्ण मागं येतो का, बोल्ट-रिलीज दाबल्यावर सुटतो का, कॉक झाल्यावर सीअर पकडतो का, सेफ्टीचा खटका दोन्ही टोकांना नीट बसतो का.

नंतर ॲक्शन दस्त्यात ठेवा, पण स्क्रू आवळू नका. ट्रिगर, सेफ्टी आणि बोल्ट-रिलीज लाकडाला कुठं घासतात का ते बघा. नवी पेटी जुन्यापेक्षा रुंद असली तर लाकूड थोडं कोरावं लागतं. घासणाऱ्या जागी काजळी लावून ॲक्शन टेकवली की काळा डाग नेमकी जागा दाखवतो. कोरायचं लाकूड, धातू कधीच नाही. कोरलेल्या जागेला लगेच सीलर लावा, नाहीतर जुलैत तिथूनच फुगायला सुरुवात. शेवटी स्क्रू टॉर्क पान्यानं. लाकडी दस्त्याला साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरतात, मात्र कंपनीचा आकडा असेल तर तोच पाळा.

ॲडजस्टमेंट करताना क्रम पाळावा: आधी पकड, मग वजन, शेवटी ओव्हरट्रॅव्हल. एका वेळी एकच स्क्रू, एका वेळी अष्टमांश फेरा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर कॉक करून बघणं. सीअरची पकड कारखान्यातून सील करून आली असेल तर तिला हात लावायचा नाही. स्क्रू जागेवर राहावा म्हणून थ्रेड-लॉकर लावतात, तो थेंबभर आणि फक्त आट्यांवर. २०१४ साली रेमिंग्टननं आपले एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले, कारण जुळणीत चिकट द्रव्य जास्त लागलं होतं आणि ट्रिगरला हात न लावता बार होण्याचा धोका होता. कारखान्यात असं होतं तर टेबलावर किती सहज होईल बघा. जागेवर आलेल्या स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवा. पुढं तो फिरला तर लगेच कळेल.

चाचण्या, ज्यांच्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत

या सगळ्या रिकाम्या रायफलवर करायच्या. तरीही नळी सुरक्षित दिशेला, आणि खोलीत एकही जिवंत काडतूस नको.

कॉक करा, सेफ्टी काढलेली ठेवा, आणि रबरी हातोडीनं दस्त्यावर ठोका: मागून, दोन्ही बाजूंनी, खालून ट्रिगर गार्डजवळ. खटका पडता कामा नये. मग बोल्ट मागं ओढून जोरात पुढं आपटा आणि झटक्यात बंद करा, वीसेक वेळा. रेंजवर घाई झाली की हात असाच चालतो. एकदाही खटका पडला तर पकड कमी आहे. ‘एखाद्या वेळी होतं’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

सर्वात महत्त्वाची चाचणी सेफ्टीची, आणि नेमकी तीच बहुतेक जण अर्धवट करतात. सेफ्टी लावा. ट्रिगर चांगला जोर लावून ओढा आणि सोडा. आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. खटका इथं पडला तर रायफल धोकादायक आहे. सेफ्टी लावलेली असताना ट्रिगर मागं सरकला, परत पुढं आला नाही, आणि सेफ्टी निघताच सीअरला आधार उरला नाही, असा त्याचा अर्थ. हीच चाचणी सेफ्टी अर्धवट, मधल्या जागी ठेवूनही करा. नंतर कॉक केलेली रायफल जाड रबरी मॅटवर फूटभर उंचीवरून दस्त्याच्या टाचेवर हलकेच सोडा. पुन्हा तेच: खटका पडू नये.

शेवटी पाण्याच्या डब्यानं वजन पुन्हा मोजा आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा. आता आकड्यांतला फरक कमी झालेला दिसला पाहिजे.

पहिल्या जिवंत गोळ्या परवानगी असलेल्या रेंजवरच. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, बार करा, बोल्ट मागं घ्या, पुन्हा एक. दहाएक बार असे सरळ गेले तरच दोन-दोन भरा. नेमाचा बिंदू थोडा सरकलेला दिसेल. दस्त्याचे स्क्रू काढून घातलेत, आणि बोटही नव्या सुटकेला सरावलेलं नाही. पहिल्याच दिवशी साइटच्या खुंट्या फिरवू नका, दुसऱ्या खेपेला बघा.

पुढची देखभाल

ट्रिगरच्या पेटीला तेलाचा फवारा मारायचा नाही. कंपनी सांगत असेल तर सुईच्या टोकावरचा थेंब, नाहीतर कोरडंच. पावसाळ्यात रायफल कापडी पिशवीत किंवा फोमच्या केसमध्ये बंद ठेवू नका, फोम ओल धरतो. कोरड्या कपाटात, सिलिका जेलसोबत ठेवा.

निवडणूक लागली की बहुतेकांची रायफल पोलीस ठाण्यात जमा होते. देताना पिना आणि स्क्रूवरच्या नेलपॉलिशच्या रेघांचे फोटो काढा, जमा-पावतीला ते जोडून ठेवा. परत आल्यावर रेघा जुळतात का बघा, नळीतून उजेड बघा, आणि हातोडी, बोल्ट आणि सेफ्टी या तिन्ही चाचण्या पुन्हा केल्याशिवाय तिच्यात काडतूस भरू नका.